कड्याचा चहा

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती विचारावी असं दुसरं कुणी नाही. परवा रविवारी बीडमध्ये आम्हा ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांचं शिबिर आहे. नोंदणी चालू ठेवायची तर आता दर काही वर्षांनी नवीन काही शिकल्याचे तास दाखवावे लागतात, आणि त्यातला एक तास शिकवायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलं आहे. विषयांची यादी आली होती. गिळण्याचा त्रास, हाताचे स्प्लिंट, स्वमग्न मुलं, घरात करायचे बदल, मोबाइलवरून उपचार, आणि अगदी तळाशी 'रुग्णाचं स्वावलंबन'. मी मागचापुढचा विचार न करता तिथे खूण केली. त्यावर बोलायचं म्हणजे तुमच्यावर बोलायचं, त्यात मला काय अवघड, असं वाटलं. आता शुक्रवारची दुपार आहे, पेशंट संपलेत, शेकायच्या मेणाचं भांडं गार होत आलंय आणि माझ्यासमोरच्या कागदावर विषयाच्या नावाखाली एक ओळ नाही. मी इतकी गोंधळलेली तुमच्या तोंडी परीक्षेतही नव्हते.

तुम्ही कॉलेजात इंग्रजीत शिकवायचात, बोलताना पुस्तकी मराठी वापरायचात, पण राग आला की तुमच्या कडा गावचं, आपल्या बीडकडचं बोलणं बाहेर पडायचं. त्या शहरात ते पुरतं कळणारी मी एकटीच असायचे. दुसऱ्या वर्षी एका निवृत्त पोस्टमनना तपासायला तुम्ही मला उभं केलं होतं. त्यांचा उजवा हात अर्धांगानं गेलेला, डाव्या हातानं सदरा घालायचा होता. वरची गुंडी काजात जाईना. ते ओठ चावून प्रयत्न करतायत, कपाळावर घाम आलाय, मला बघवत नाही आणि माझा हात आपोआप पुढे जातो. गुंडी लागते, पोस्टमन हसतात, मीही हसते. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ती गुंडी त्यांची हाय. तू कावून लावलीस?" आणि मग, "हात मागं घे." त्या दिवसापासून मी पेशंटसमोर दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहायला लागले. मैत्रिणी मला हवालदार म्हणायच्या. निरोपाच्या दिवशी इतरांना तुम्ही पेनं दिलीत आणि मला स्टीलचा एक चमचा दिलात, दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड केलेला. पकड नसलेल्या हातात तो बसतो. मुठीत नीट बसला की मग आपलं काम संपलं, असं तुम्ही म्हणाला होतात. मी तो बीडला आणला आणि इतकी वर्षं त्यावर माझं दुकान चालवलं म्हणा ना. इथे अजून निम्मे लोक मला मालिशवाली मॅडम म्हणतात, पण तो चमचा हातात दिला की त्यांना माझं काम कळतं.

आणि दुसरं जे मी कायम वापरते ते म्हणजे कड्याची गोष्ट. तुम्ही निवृत्त होऊन कड्याला भावाकडे राहायला आला होतात. कंपवात बराच वाढलेला. मी भेटायला आले तेव्हा साखर कारखान्याचा भोंगा नुकताच झाला होता, तुम्ही ओसरीवर खुर्चीत बसला होतात आणि तुमच्या वहिनींनी आपल्या दोघींसमोर कपबशा ठेवल्या. तुम्ही कप उचललात. तो तोंडाजवळ येईपर्यंत निम्मा चहा बशीत, निम्म्याचा निम्मा निऱ्यांवर सांडला. मी उठले नाही. हात मागे घेतले. शिकाऊ मुलींना मी ही गोष्ट सांगते तेव्हा इथे थांबते आणि म्हणते, बघा, माझ्या गुरूंनी शेवटपर्यंत मदत मागितली नाही आणि मी त्यांचा मान राखला. मुली वहीत लिहून घेतात. दरवर्षी कुणीतरी डोळे पुसतं.

मागच्या महिन्यात तेलगावहून एक म्हातारे आले. उजव्या अंगावरून वारं गेलेलं, पण हाताची हालचाल बऱ्यापैकी परतलेली. बरोबर त्यांची सून. तीन वेळा तिने त्यांना आमच्या इथेच बाकावर बसून भरवलं, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, घास घास करून. मी तिला बाजूला घेतलं आणि ऐकवलं. म्हटलं, बाई गं, तू त्यांचं नुकसान करतेयस, उद्यापासून भरवायचं बंद. तुमचा चमचा म्हाताऱ्यांच्या मुठीत दिला. छान बसला. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या आठवड्यात ती आली ती चमचा धुऊन, रुमालात बांधून परत घेऊनच. सासरे चमच्यानं चार घास खातात म्हणाली, मग ताट सरकवतात. अंग उतरलंय. मी माझं नेहमीचं सुरू केलं, सवय लागायला वेळ लागतो वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "मॅडम, त्यान्ला येत न्हाई म्हनून मी भरवती आसं न्हाई. मालक कामावर, पोरं शाळेत. दिवसभर मामांशी कुनी बोलत न्हाई. घास द्यायला बसले की तेवढंच आमी बोलतो. ते कावून बंद करायचं?"

मी तिला कड्याची गोष्ट सांगितली. तेवढंच एक हत्यार उरलं होतं. कप, सांडलेला चहा, मागे घेतलेले हात, सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. तिने विचारलं, "मंग बाई च्या पेल्या का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. ते खोटं नाही. पण कसा प्यालात ते मी तिला सांगितलं नाही, मुलींनाही कधी सांगितलेलं नाही. तुम्ही कप खाली ठेवलात. वहिनी आतून आल्या, तुमच्या बाजूला बसल्या, उरलेला चहा त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी तुमच्या ओठांशी धरली. तुम्ही तो पुरता प्यालात. मग त्यांनी पातेल्यातला आणखी आणून ओतला, तोही प्यालात. त्या तुम्हाला शेजारच्या कुणाच्या तरी म्हशीचं सांगत होत्या आणि तुम्ही हसत होतात. मी समोर बसून होते. ही माझी गोष्ट त्या कपापाशी संपते, कारण पुढचं सांगितलं तर तिचा काही धडाच उरत नाही.

आता सांगा, रविवारी मी काय शिकवू? तो पोस्टमन घरी एकटा राहायचा, त्याला ती गुंडी त्याची त्यालाच लावायला यायला हवी होती, तिथे तुम्ही बरोबर होतात हे मी आजही शपथेवर सांगेन. तेलगावच्या म्हाताऱ्यांना चमचा धरता येतो, नको आहे. मग मी त्यांचं काय बरं केलं? सुनेला काल फोन करून म्हटलं, दुपारी तू भरव, सकाळी त्यांना चमच्यानं खाऊ दे. ती बरं म्हणाली, पण ते मी तिचं ऐकून म्हटलं की तिला कटवायला म्हटलं, हेही मला नीट सांगता येत नाही. शिबिराच्या कागदात एक रकाना आहे, या तासानंतर उपस्थितांना काय जमू लागेल. तिथे काय लिहू? मला स्वतःलाच काय जमतं ते कळेनासं झालंय. तुम्ही असतात तर आधी रागावला असतात आणि मग सांगितलं असतंत, किंवा सांगितलं नसतंतही. तुम्हालाही माहीत नसेल अशी शंका मला आता पहिल्यांदा येते आहे, आणि त्या शंकेनं उलट मला तुमची जास्तच आठवण येते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते चमच्याच्या खणात राहील. पण एक सांगून टाकते. चहा सांडला तेव्हा, वहिनी यायच्या आधी, तुम्ही माझ्याकडे बघितलंत. चांगलं बघितलंत, कप हातात तसाच थरथरत असताना. ते शाब्बास होतं की ये म्हणून होतं, हे मी तेव्हा ओळखलं नाही आणि अजून ओळखत नाही. आणि माझे हात मागे गेले ते तुमच्या शिकवण्यानं गेले असं मी सगळ्यांना सांगते. तसं नव्हतं, बाई. तुमचा हात तसा बघून मला भीती वाटली होती.