गोड्या पाण्याची बादली

सोमवार
पाटीवर खडा आपटल्याचा आवाज अजून कानात आहे. टक्, टक्-टक्. मी शाळेतली कविता म्हणायचो आणि आमचा मधला भाऊ ठेका धरायचा. आठ वर्षांचा होऊन गेला बिचारा. आज धाकट्या बहिणीकडे कायमचा राहायला आलो, आणि ट्रंक उघडताना तेच आठवलं. तिने मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतली आहे. खिडकीपाशी काचेची छोटी टाकी. म्हणाली, दादा, तुला समुद्राचं वेड, घे आता उशाशी. निवृत्त मास्तराला आणखी काय हवं?

मंगळवार
माशांच्या दुकानदाराने माझीच शिकवणी घेतली. मीठ बादलीत विरघळवून मग टाकीत ओतायचं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरायचं ते गोड्या पाण्याने. महिनाभर मासा नाही, नुसते समुद्रातले दगड. घाई केलीत मास्तर, म्हणाला, तर माशांची शाळा कायमची सुटेल.
धाकटीने जाताना बादलीचं झाकण दाबून पाहिलं. घरातली सगळी झाकणं ती दोनदा दाबते. जुनी सवय.

गुरुवार
दगड आले. जांभळट, भोकाभोकांचे. दुपारी टाकीतून आवाज: टक्. टक्-टक्.
दुकानदार फोनवर हसला. दगडात झिंगा लपून आला असणार, नांगी वाजवतो, पुढे मासे मारील. दगड गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवायचा, म्हणजे तो गुदमरून बाहेर येतो. झाकण मात्र दाबून धरायचं, उसळतो फार.

शुक्रवार
बादलीच्या झाकणावर बसलो. घड्याळ जवळ नव्हतं, तेव्हा कवितेनेच वेळ मोजला.

सांज उतरली पाण्यावरती, शिडे मिटुनि घे, नावाड्या
दार उघडुनी आई बसली, घरी परत ये, नावाड्या

खालून झाकणावर टक्, टक्-टक्. बरोबर ठेक्यात. दोनदा म्हटली. दुसऱ्यांदा ठेका चुकला. मग थांबला.
बोटाएवढा झिंगा. मेलेला.

रविवार
आवाज येतोच आहे. बादलीतून. बादली रिकामी आहे.
धाकटीला तो ऐकू येत नाही. मधला गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती. हौदाचं झाकण हिने उघडं टाकलं, म्हणून मधला पडला, असं आईला मी सांगितलं. आई मरेपर्यंत हिच्याशी धड बोलली नाही. ही मात्र मला दादा-दादा करत खोल्या रंगवते. कळलं तर मला घर नाही, माणूसही नाही.

सोमवार
लिहून टाकतो. खेळ माझा होता. तो रिकाम्या हौदात उतरायचा, मी झाकणावर बसून कविता म्हणायचो, संपली की उघडायचं. त्या दिवशी नळ चालू राहिला होता. पहिल्यांदा ठेका बरोबर. दुसऱ्यांदा चुकला. मला राग आला. ठेका चुकल्याचा. म्हणून तिसऱ्यांदा —

मंगळवार, सकाळ
दारावर वाजतंय. कडीच्या बरंच खाली. उघडू नकोस म्हटलं. धाकटी म्हणाली, कुणाचं तरी पोर आहे, चिंब भिजलंय. बाहेर कोरडं ऊन आहे.
उघडलं तिने.
मी खोलीत. आतून कडी. ती विचारतेय, कुणाचा रे तू —
आता माझ्या दाराशी आली. हळू बोलतेय.
"दादा, हा विचारतोय, कविता संपली का?"

नंतर
दार उघडत नाही. कडी काढली तरी. बाहेरून टेकून कुणी बसलंय. दाराखालून पाणी — गोडं — चाखून पाहिलं —

धाकटी कविता म्हणतेय. तिला ती कधीच येत नव्हती. सावकाश, पहिल्यापासून. पाणी खुर्चीपर्यंत. मी दारावर ठेका धरतोय. एका हाताने. चुकता कामा नये —

दोनदा झाली. चुकलो नाही. चुकलो नाही, धाकटे —

ती पुन्हा सांज उतर