कारण: ओली पायरी

मंगळवार, ९ एप्रिल. दुपारी ४.१५
सासूबाई पडल्या. हॉस्पिटलात आहोत. मी पूर्ण शांत आहे.

कारखान्यात बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली. अपघातानंतरच्या पहिल्या तासात जो घाबरतो तो दुसरा अपघात घडवतो, हे नव्या भरतीला मीच शिकवतो. अक्षर वाकडं येतंय ते खुर्चीला हात नाहीत म्हणून.

सवयीप्रमाणे अहवाल आधी. जखमी: स्त्री, वय ७१, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. ठिकाण: टेकडीवरच्या जुन्या मनोऱ्याच्या दगडी पायऱ्या, उतरताना. इजा: उजवा खुबा. साक्षीदार: जावई, म्हणजे मी. कारण: ओली पायरी.

टूरची बस पुढे गेली. गाइडने आमच्या दोन बॅगा खुर्चीजवळ ठेवल्या, स्वतःचा नंबर दिला आणि माझा खांदा थोपटला. मला थोपटायची काय गरज होती कळलं नाही.

संध्याकाळी ६.००
अँब्युलन्समधून उतरवल्यावर एक उंच नर्स कात्री घेऊन आली. सासूबाईंनी सहलीसाठी आयुष्यात पहिल्यांदा पँट शिवून घेतली होती. त्या वेदनेतही त्यांनी नर्सचा हात धरला आणि शिवणीवरून बोट फिरवून दाखवलं, इथून काप. नर्सने शिवणीवरूनच कापली. पुढचं मी पाहिलं नाही, कारण मला खाली बसावं लागलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

फॉर्म मी एकट्याने भरला. सासूबाईंना दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिल्यामुळे त्या गुंगीत होत्या. मधुमेह, दमा, अॅलर्जी, चालू औषधं, असा लांबलचक कॉलम. सगळीकडे ‘नाही’. आमच्या सासूबाई ठणठणीत आहेत, रोज चार किलोमीटर चालतात. फॉर्म कसे भरायचे हे मला कुणी शिकवायला नको.

हिला कळवलेलं नाही. ही शाळेत, दहावीचे पेपर गळ्यात, त्यात रजा नामंजूर झाली म्हणून आपल्या जागी आईला पाठवलेली. एअरपोर्टवर मला बाजूला घेऊन म्हणाली होती, आईचा हात सोडू नका. मेसेज टाकला: नेटवर्क खराब, आई दमून झोपल्यात. यातलं दुसरं वाक्य खरं आहे.

बुधवार, १० एप्रिल. सकाळी ९.३०
आजचे निर्णय. एक, डॉक्टरशी ठामपणे बोलायचं. दोन, दुसऱ्या डॉक्टरचं मत मागायचं. तीन, प्रत्येक कागदाची कॉपी घ्यायची. परदेश असला म्हणून काय झालं, दबून राहायचं नाही.

सकाळी ११.००
लाल चष्म्याचे डॉक्टर येऊन गेले. सोबत चाकांच्या स्टँडवर एक फोन आणला होता, त्यात दुभाषी बाई बसते. आपली मराठी नाही, पण हिंदी बोलते म्हणे. मी सांगितलं, दुभाषी नको, माझं इंग्लिश उत्तम आहे. डॉक्टरांनी फोन परत पाठवला आणि आठ मिनिटं बोलले. त्यांच्या इंग्लिशला कुठला तरी वेगळाच सूर आहे. मला ‘हिप’, ‘स्क्रू’ आणि ‘टुमॉरो’ कळलं. मी अकरा वेळा थँक्यू म्हणालो. सही केली. कॉपी मागायची राहिली.

उद्या ऑपरेशन. एकाहत्तराव्या वर्षी. इथे. माझ्या सहीने.



दुपारी २.३०
सासूबाई जाग्या आहेत. शेजारच्या खाटेवर खिडकीकडे तोंड करून एक आजीबाई असतात. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही, तरी सकाळपासून गप्पा चालू. त्या आजीबाईंना तीन मुलगे आहेत, मधला येत नाही, हे सासूबाईंनी मला सांगितलं. कसं कळलं म्हणून विचारलं. म्हणाल्या, चाळीस वर्षं लोकांचे आवाज जोडून दिलेत, शब्द कशाला लागतात. डोक्याला मार बसलाय का हे उद्या डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

मग एकदम म्हणाल्या, माझ्या गोळ्या दिल्यात ना यांना? मी म्हणालो, हो आई, सगळं सांगितलंय.

कुठल्या गोळ्या?

संध्याकाळी ५.१०
त्यांच्या बॅगेत फुलांच्या कापडाचा बटवा सापडला. त्यात एक पाकीट, बारीक गोळ्या, निम्म्या संपलेल्या. नाव वाचता येतं, पण काय आहे ते कळत नाही. बहुधा कॅल्शियम. या वयात सगळ्याच बायका कॅल्शियम घेतात. हिला विचारलं तर एका मिनिटात कळेल, पण मग बाकीचंही कळेल.

कॅल्शियमच असणार. उद्या ऑपरेशन झालं की मी स्वतः डॉक्टरांना दाखवीन. बटवा परत बॅगेत ठेवला.

संध्याकाळी ५.२५
बॅगेतून काढून खिशात ठेवला.

संध्याकाळी ५.५०
अहवालात दुरुस्ती. गाइडचा फोन येऊन गेला. काल पायऱ्या कोरड्या होत्या, आठवडाभर पाऊस नाही, असं त्याचं म्हणणं. असेल. कारण: बुटांचा गुळगुळीत तळ. बूट मी निवडले नव्हते.

गुरुवार, ११ एप्रिल. सकाळी १०.००
लिहितो.

आठला ट्रॉली आली. सासूबाईंना हिरवी टोपी घातली होती, त्यात त्या अगदी लहान दिसत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, घाबरू नका. मी म्हणालो, मी कुठे घाबरलोय. ट्रॉली कॉरिडॉरच्या टोकाला वळली आणि माझा हात खिशात गेला.

मी पळालो. आयुष्यात कारखान्याच्या आवारात कुणाला पळू दिलं नाही, आणि धुतलेल्या फरशीवरून, समोर पिवळी पाटी उभी असताना, मी चपला घालून पळालो. दोन दारं ढकलली. तिसऱ्याला आत यायची मनाई होती, तेही ढकललं. एका वॉर्डबॉयने मला मागून कमरेला धरलं. मी पाकीट वर धरून ओरडत होतो, मराठीत. काय ओरडत होतो ते आठवत नाही.

लाल चष्म्याच्या डॉक्टरांनी पाकीट घेतलं, वाचलं, उलटवून पुन्हा वाचलं. मग सगळे थांबले. इतकी माणसं एकदम थांबताना मी फक्त कारखान्याचा सायरन झाल्यावर पाहिली आहेत.

रक्त पातळ करायची गोळी. हृदयाचे ठोके मध्येच चुकतात म्हणून वर्षभर चालू आहे. ती चालू असताना कापलं असतं तर रक्त थांबलं नसतं. हे मला चाकांच्या फोनमधल्या दुभाषी बाईने सांगितलं, दोनदा, हळूहळू. या वेळी मी तिला नको म्हणालो नाही.

ऑपरेशन दोन दिवस पुढे. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त मी भरलेला फॉर्म आणला, माझ्या ‘नाही’वर रेघ मारली आणि शेवटची गोळी कधी घेतली म्हणून विचारलं. मला माहीत नव्हतं. सासूबाईंना भुलीआधीचं काहीतरी दिलं होतं, त्यांचे डोळे मिटत होते.

म्हणजे हिला फोन करणं आलं.

सकाळी ११.३०
केला.

मी सुरुवातीला हवापाण्याचं बोललो. ही म्हणाली, “आई कुठे आहे?” मी सांगितलं. मागे वर्गातल्या पोरांचा गोंगाट ऐकू येत होता, मग दार लागल्याचा आवाज. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं, धीर देता आला असता.

“गोळी सकाळ-संध्याकाळ घेते. मंगळवारी सकाळची घेतली असणार, नाश्त्यानंतर घेते ती. डॉक्टरांना फोन द्या.”

दिला. तीन दिवसांत मला जे जमलं नाही ते हिने सहा मिनिटांत केलं. डॉक्टर लिहून घेत होते. मध्ये एकदा हसले. माझ्याशी बोलताना कधी हसले नव्हते.

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा हिने एवढंच विचारलं की आई पडली कशी. मी म्हणालो, पायऱ्या ओल्या होत्या.

शुक्रवार, १२ एप्रिल. दुपारी ३.००
काहीच घडत नाही, फक्त वाट बघायची. दर दोन तासांनी उंच नर्स येऊन सासूबाईंच्या पायाची बोटं दाबून बघते. ती गेली की मीही दाबून बघतो. गरम आहेत. सासूबाई म्हणाल्या, तुमचेच हात बर्फासारखे आहेत, आधी ते खिशात घाला.

ही दिवसातून पाच वेळा फोन करते. व्हिसा मिळायला दहा दिवस लागतील, तोवर आम्हीच परतू. माझ्याशी नीट बोलते. नीट म्हणजे सरकारी पत्रासारखं.

अहवालात दुरुस्ती. कारण: जखमी व्यक्तीने उतरताना कठड्यावरचा हात काढला.

हे खरं आहे. हात काढलाच होता त्यांनी.

शनिवार, १३ एप्रिल. सकाळी ९.४०
साडेआठला नेलं. दोन तास लागतील म्हणाले. समोर दार आहे, दारावर दिवा. दिवा लाल आहे. लाल असणं नेहमीचं की वाईट, हे विचारायला कुणी नाही.

सकाळी १०.३५
दोन तास होऊन गेले. छताच्या एका चौकोनात अठ्ठेचाळीस भोकं आहेत.

सकाळी १०.५०
मला चांगलं माहीत आहे कारण काय ते.

आमच्या कारखान्याचा सेफ्टी वीक चालू आहे. ग्रुपवर टाकायला मी व्हिडिओ करत होतो. विषय: जिना उतरताना कठडा धरा. कठडा एकाच बाजूला होता. मी दोन पायऱ्या वर उभा राहून, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने फोन खाली कठड्याकडे रोखून बोलत होतो. खाली सासूबाई कठड्याला धरून हळूहळू उतरत होत्या आणि त्यांचा हात सारखा चित्रात येत होता.

मी म्हणालो, आई, जरा कठडा सोडा, फ्रेममध्ये येताय.

त्यांनी सोडला. जावयाचा शब्द कधी मोडला नाही त्यांनी, अठरा वर्षांत. सोडल्यावर धरायला काही नव्हतं.

व्हिडिओ फोनमध्ये आहे. एक मिनिट चार सेकंद. पाहिलेला नाही. पुसलाही नाही.

सकाळी ११.१५
अजून लाल. बाहेर आल्या तर मी हिला सगळं सांगेन. शपथेवर लिहितो. बाहेर येऊ देत फक्त. मी दर रविवारी त्यांना फिरायला नेईन. मी सेफ्टीवर पुन्हा एक शब्द बोलणार नाही. बाहेर येऊ देत.

सकाळी ११.५०
लाल चष्म्याचे डॉक्टर आले. टोपी काढली आणि ‘गुड’ म्हणाले. मी त्यांचा हात धरला आणि सोडायला विसरलो. त्यांनीच हळूच सोडवून घेतला.

रविवार, १४ एप्रिल. संध्याकाळी ५.००
सासूबाई शुद्धीवर आहेत, सूप प्यायल्या, मीठ कमी आहे म्हणाल्या. ठोके ठीक. मीही ठीक, थोडा ताप आहे. उंच नर्सने मलाच एक गोळी दिली आणि समोर उभं राहून गिळायला लावली.

आज हिला सांगणार होतो. पण सासूबाई फोनवर तिच्याशी इतक्या आनंदात बोलत होत्या की मध्ये विरजण घालावंसं वाटलं नाही. आजचा दिवस त्यांचा. योग्य वेळ बघून, मुद्देसूद सांगायचं.

सोमवार, १५ एप्रिल. दुपारी १२.३०
हॉस्पिटलचा नियम आहे: म्हातारं माणूस पडलं की कसं पडलं ते लिहून घ्यायचं. उंच नर्स फॉर्म आणि चाकांचा फोन घेऊन आली. दुभाषी बाईने आधी मला बाहेर थांबायला सांगितलं. मग सासूबाईंनी हाताने खूण केली, राहू दे त्यांना.

मी खाटेच्या पायाशी उभा होतो. मनात म्हटलं, आता सांगणार. सांगू देत. एकदाचं होऊन जाऊ दे.

सासूबाई म्हणाल्या, माझा तोल गेला. कुणी ढकललं का? नाही. कुणाची चूक? कुणाची नाही, वय झालं. नर्सने लिहून घेतलं, सही घेतली आणि फोन ढकलत गेली.

मला भरून आलं. मी म्हणालो, आई, तुमचे उपकार कसे फेडू. त्यांनी उशी नीट करायला सांगितली. मी केली. मग माझ्याकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “तुमच्यासाठी नाही सांगितलं. माझ्या मुलीला उरलेला जन्म तुमच्याबरोबर काढायचाय.”

थोड्या वेळाने म्हणाल्या, “तिला तुम्ही सांगा. माझ्याकडून नको.”

मंगळवार, १६ एप्रिल. सकाळी ७.००
आज सांगायचं. अकरा वाजता, हिची मधली सुट्टी असते तेव्हा. काय बोलायचं ते लिहून काढलं. पाच वाक्यं. मोठ्याने वाचून पाहिलं, बाथरूममध्ये. चौथ्या वाक्याला आवाज जातो, पण जमेल.

सकाळी १०.००
सासूबाईंना उभं केलं. वॉकर धरून चार पावलं टाकली. एका बाजूला फिजिओथेरपीवाली, दुसऱ्या बाजूला उंच नर्स. मी हात पुढे केला होता. त्या म्हणाल्या, तुम्ही बसा.

सकाळी ११.०५
फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला. कागद हातात होता.

मी म्हणालो, आज आईंनी चार पावलं टाकली. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. या आठवड्यात पहिल्यांदाच. म्हणाली, “तुम्ही होतात म्हणून. मी उगाच तोडून बोलले इतके दिवस.”

मी म्हणालो, छे, छे.

मग तिने विचारलं मी जेवतोय का, झोपतोय का, ताप उतरला का. मी सगळ्याची उत्तरं दिली. मागे शाळेची घंटा झाली.

“अजून काही सांगायचंय?” तिने विचारलं.

मी कागदाकडे पाहिलं. म्हणालो, नाही, बाकी सगळं ठीक आहे.