जूनपर्यंत कोण थांबणार!

२२ नोव्हेंबर, सकाळ
मार्लिसचा फोन. धाकटी बहीण. लग्न करून न्यू हॅम्पशरला गेली तेव्हापासून फोन तिचाच येतो, कारण बढाया तिच्याकडेच असतात. काल तिच्या बैठकीच्या खोलीत माजी गव्हर्नर प्रुइट कॉफी पिऊन गेले. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे आहेत ते. अगं, सोफ्यावर केकचा चुरा सांडला त्यांनी, म्हणाली. तिसऱ्यांदा भेटले मी, पण मन काही ठरत नाही बाई. तुमच्या साउथ डकोटात आलं का कोणी?
म्हटले, आला होता की. विजेचा मीटर वाचायला.
मत्सर करू नये असे शास्त्रात आहे. मी करत नाही. पण पक्षाचा उमेदवार ठरवायला त्यांच्या राज्याने जानेवारीत मत द्यायचे आणि आमच्या राज्याने जूनमध्ये, हा कुठला न्याय? जूनपर्यंत एक जण जिंकलेला असतो, बाकीचे गाशा गुंडाळून घरी. आमचे मत म्हणजे वऱ्हाड जेवून परतल्यावर टाकलेल्या अक्षता.

२२ नोव्हेंबर, दुपार
लहान गावांतली इस्पितळे बंद पडू देणार नाही असे म्हणणारा प्रुइट हा एकटाच. आमच्या नॉर्बीच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला आणि गेल्या हिवाळ्यात कारीला, माझ्या लेकीला, बर्फात कळा सुरू झाल्या. बाळ शहराच्या वाटेवर पिकअपमध्येच झाले. नॉर्वलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, स्वतःच्या कोटात गुंडाळले. कोट कपाटात आहे. डाग जात नाही आणि कोट टाकवत नाही. कारीला पुन्हा दिवस गेले आहेत.
संकल्प: मतदानाचे वेळापत्रक बदलायचे. देशाचे भाग पाडावेत आणि दर निवडणुकीत वेगळ्या भागाने आधी मत द्यावे. चर्चच्या जेवणात पास्टर एकेक टेबल उठवतात तसे. इतके सोपे. वॉशिंग्टनला सुचले नाही, कारण तिथे कोणी पंगतीला वाढलेले नाही.
नॉर्वल म्हणाला, तुला पहिलं जायचंय? चर्चच्या जेवणात तू कधी पहिली उठलीयस?
म्हटले, जेवण वेगळे, लोकशाही वेगळी.

६ डिसेंबर, रविवार
प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी आमदार स्कार्फोल यांना गाठले. योजना ऐकून बराच वेळ कप ढवळत राहिले. साखर घेत नाहीत तरी. मग म्हणाले, आर्डिसबाई, कल्पना वेगळी आहे.
म्हणजे आवडली.
पुढे म्हणाले, लोकांना हे हवंय असं दिसलं तर मी विधिमंडळाच्या समितीपुढे मांडतो. निदान न्यू हॅम्पशरच्या आधी आपल्याला मत द्यायचंय हे तरी दाखवा.
दाखवते! जानेवारीत, मार्लिसच्या मतदानाच्या आधीच्या रविवारी, नॉर्बी आपली स्वतःची निवडणूक घेणार. जागा: चर्चचे तळघर. मतपेटी: आईस्क्रीमची रिकामी बादली, झाकणाला फट पाडून. मतपत्रिका: जुन्या प्रार्थनापत्रकांच्या कोऱ्या पाठी. खर्च: शून्य. सरकारने शिकावे.

१४ डिसेंबर
प्रुइट यांना जेवणाचे आमंत्रण धाडले. हॉटडिशमध्ये, म्हणजे भट्टीत भाजलेल्या आमच्या बटाटा-खिम्यात, खिमा पुरेसा घालीन असे स्पष्ट लिहिले. नॉर्वल म्हणाला, याची शपथ घेशील का?

४ जानेवारी
प्रुइट यांचे उत्तर! छापील आहे, पण सुरुवात ‘प्रिय मित्र ऑर्डिस’ अशी. घाईत असतील. आमंत्रणाचा उल्लेख नाही, देणगीचा आहे. सोबत उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट. पाकीट जपून ठेवले. माणूस नियोजनाचा पक्का दिसतो.

९ जानेवारी, शनिवार
उद्या मतदान. सगळे बजावून झाले. पास्टर हेगडाल यांच्याकडून वचन घेतले की मतदानाबद्दल चर्चमध्ये एक अक्षर बोलायचे नाही. धर्म आणि राजकारण वेगळे ठेवले पाहिजे. ते म्हणाले, आर्डिसबाई, मी ब्रही काढणार नाही. असा पास्टर मिळायला भाग्य लागते.
बटाट्याच्या गोळ्यांचे हॉटडिश तयार. खिमा नेहमीपेक्षा जास्त घातला, म्हणजे दिसेल इतका.

१० जानेवारी, दुपार
तळघर भरले! बर्फ असून भरले. साप्ताहिकाचा संपादक कॅमेरा घेऊन आला. स्कार्फोल आले, कोपऱ्यात बसले. मी झाकण लावून बादली टेबलावर ठेवली आणि म्हटले, चला, नॉर्बी आज देशात सर्वांत आधी मत देणार!
कोणी उठेना.
ऑर्लिन आमचा शेजारी. तो बर्निसला म्हणाला, आधी तुम्ही. बर्निस म्हणाली, छे हो, मला कुठे घाई आहे, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही व्हा पुढे. ऑर्लिन म्हणाला, गुडघे दुखतात म्हणूनच बसलोय. मागून कोणी तरी म्हणाले, तरुणांना जाऊ दे. तरुण म्हणाले, मोठ्यांचा मान आधी. संपादक म्हणाला, पहिल्या मतदाराचा फोटो छापतो! झाले. होते नव्हते ते दोघे-तिघे अर्धे उठलेले, तेही बसले. फोटो म्हणजे मिरवणे.
जेवणाचीही तीच गत. पास्टर आजाऱ्याच्या भेटीला गेलेले, त्यामुळे कुठले टेबल आधी हे सांगायला कोणी नाही. हॉटडिश गार पडत चालले.
नॉर्वल कानात म्हणाला, अगं तूच ऊठ ना, टाक मत, घोडं तुझंच आहे.
मी यजमानीण. यजमानीण सर्वांच्या शेवटी. आईने हे शिकवले नसते तर गोष्ट निराळी.
शेवटी पास्टर आले, कोट काढायच्या आधीच म्हणाले, दाराजवळचं टेबल व्हा पुढे. सगळे धावले! तासाभरात भांडी चाटून पुसून साफ. मी बादलीकडे बोट दाखवून पास्टरांकडे पाहिले. त्यांनी ओठ घट्ट मिटले, वचनाला जागले. डोळ्यांत तर पाणी येईल असे वाटले.
मग सगळे उठले आणि दारात उभे राहून हवामानावर बोलत राहिले. तेवढ्या वेळात देश निवडून झाला असता.

१० जानेवारी, संध्याकाळ
आवराआवर करताना बादली नाही! उरलेली बटाट्याची कोशिंबीर कोणी तरी तिच्यात भरून नेली. आमच्याकडे उरलेले अन्न आईस्क्रीमच्या बादलीतूनच जाते. फटीचे झाकण असले तरी लोकांचा हात तिकडेच जातो.
पण नीट विचार केला. बादलीत मते नव्हती असे कोणी सिद्ध करू शकेल काय? नाही.

१२ जानेवारी
बर्निस बादली घासून परत घेऊन आली. आत लिंबाच्या वड्या. रिकामे भांडे परत देण्याची रीत नाही. म्हणाली, आत काहीच नव्हतं गं, म्हणून तर नेली.
वड्या चांगल्या होत्या. साखर जरा जास्त. पुरावा संपला.

२१ जानेवारी
राजधानी पियरला गेलो. नॉर्वलने गाडी चालवली, वाटेत डब्यातले सँडविच. समितीपुढे मी उभी राहिले. कारीचे सांगितले, कोटाचे सांगितले. एका बाईने डोळे पुसले. मग वेळापत्रकाची योजना मांडली. अध्यक्षांनी विचारले, नॉर्बीच्या मतदानाचं काय झालं? म्हटले, अत्यंत शांततेत पार पडले. स्कार्फोल यांनी कागदात तोंड खुपसले.
अध्यक्ष म्हणाले, बाई, मनाला भिडलं. पण आपणच सगळ्यांच्या पुढे घुसायचं म्हणजे, बरं दिसतं का? आधी दुसऱ्या एखाद्या राज्याने बदल करू दे. त्यांचं झालं की आपण बघू.
सगळ्या सदस्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असे नॉर्वल सांगतो. साफ खोटे. मानेत थंडी भरली होती.
प्रस्ताव बाजूला ठेवला. बाजूला ठेवला म्हणजे फेकला नाही.

२८ जानेवारी
प्रुइट यांनी माघार घेतली. न्यू हॅम्पशरमध्ये थोडक्यात हरले.
मार्लिसचा फोन. विचारले, तू तरी मत दिलेस ना त्यांना? म्हणाली, अगं काय सांगू, तीनदा भेटले पण मन ठरलं नाही. आणि त्या दिवशी बर्फ इतका, गेलेच नाही.
बर्फ! माझा नातू त्या बर्फात जन्मला आणि हिला बर्फामुळे मत देता आले नाही. मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याआधी ठेवला.
हार मानणार नाही. जूनमध्ये मत देईन आणि गावात सर्वांच्या आधी देईन. छापा म्हणावे फोटो.

मतदानाचा मंगळवार, जून, सकाळ
कारीचे दिवस भरत आले. नॉर्वलने कपाटातला तो कोट काढून पिकअपच्या सीटवर ठेवला. मी त्याची नीट घडी केली.
उजाडताच निघाले. सरकारी मतदानही चर्चच्या तळघरातच असते. तळघराचे दार बंद होते, म्हणजे मी पहिली! दार उघडले तेव्हा मूठ माझ्याच हातात होती. मागून ऑर्लिन काठी टेकत आला. दार धरून म्हटले, या, आधी तुम्ही. एवढे करावेच लागते. मग बर्निस. मग तिची सासू, तिच्यापुढे कशी जाणार? मग दूधवाले. दार सोडायला फटच मिळेना.

त्याच दिवशी, दुपार
पास्टर आले. वचन आठवले असावे, तोंड उघडेनात. शेवटी हळूच म्हणाले, आर्डिसबाई, दाराजवळचं टेबल व्हा पुढे.
मग गेले.
मतपत्रिकेवर दोन नावे. एक केव्हाच जिंकलेला. दुसरा कोण हे मतपत्रिका देणाऱ्या बाईलाही ठाऊक नव्हते. प्रुइट यांचे नाव नाही. खाली हाताने नाव लिहायला जागाही नाही. वळून पाहिले. मागे कोणी नव्हते, म्हणून कोणाला आधी जा म्हणता आले नाही. एका नावापुढचा गोल भरला.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मार्लिसचा फोन. म्हटले, आज मत दिले.
ती म्हणाली, आज? कशासाठी गं?
फोन तिच्या खर्चाने चालू होता, म्हणून सावकाश विचार केला. मग म्हटले, आज बर्फ नव्हता.