मळ्यातलं पोहायचं टाकं

ता. ९ नोव्हेंबर १९३७

मैनेला पोहायचं टाकं पाहिजे!

जेवताना म्हणाली. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारावं, तशी. ‘घरामांगं एक टाकं बांधा. पोहाचं.’ मला वाटलं, संत्र्याच्या झाडांसाठी म्हणते. म्हटलं, विहीर आहे, मोट आहे, आणखी टाकं कशाला? तर म्हणते, ‘झाडाईले नाई. पोहाले.’

कोण पोहणार?

‘बांधा त आधी.’

लग्नाला वीस वर्षं होत आली. या बाईनं आपणहून माझ्याजवळ कधी काही मागितलं नाही. लुगडं आणलं तर नेसली, नाही आणलं तर नाही. आणि मागितलं ते हे!

आईनं ओसरीवरून ऐकलं. ‘बाईच्या जातीले पानी भराचं असते, खुशाल. डुंबाचं नसते.’ मैना ताट उचलून गेली.

ता. १० नोव्हेंबर

नाही म्हणून सांगितलं. बरं, म्हणाली. सुटलो असं वाटलं.

मग शकुनचा विषय काढला. पोरगी दिवाळीला आली, भाऊबीज झाली, आता अकोल्याला पोचवायला हवी. व्याही काय म्हणतील? तर मैना म्हणते, ‘टाकं झाल्याबिगर शकुनले पाठवत नाई.’

टाक्याचा आणि पोरीच्या सासरचा काय संबंध?

‘हाय.’

झालं. एवढंच उत्तर. शकुनला विचारलं, तर ती भाजी निवडत बसली होती, मान वर केली नाही.

ता. १५ नोव्हेंबर

किसनरावला सांगितलं — शेजारचा मळा त्याचा, सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो वलगावच्या रस्त्यावर उभा राहून खो खो हसला. ‘खुशालराव, साहेब झाले का बे तुमी?’ कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यामागे असलं टाकं आहे म्हणे, मडम पोहते.

तिथंच मला राग आला. म्हटलं, हो, बांधतो! साहेबानंच बांधावं असं कुठं लिहिलं आहे?

घरी येईपर्यंत राग उतरला. पण शब्द गेला होता. मैनेला सांगितलं. ती हसली नाही, आनंदली नाही. म्हणाली, ‘गवंड्याले उद्याच बोलवा.’

ता. २३ नोव्हेंबर

नत्थुजी गवंडी आला. खोदकाम सुरू. काळी माती — तो म्हणतो, मुरूम लागेपर्यंत जावं लागतं, नाही तर उन्हाळ्यात जमीन फाटते आणि तिच्याबरोबर भिंतही. मैना काठावर उभी. पदर डोक्यावर, पण बोलणं सरळ नत्थुजीशी. ‘माणसाच्या डोक्यावरून पानी गेलं पायजे.’ नत्थुजी माझ्याकडे पाहतो. मी आभाळाकडे.

ता. ४ डिसेंबर

आज भांडण. पायऱ्यांवरून!

नत्थुजीनं एका बाजूला पायऱ्या आखल्या. मैनेनं पुसून टाकल्या. पायानं! म्हणते, पायऱ्या नको. भिंतीत चार दगड बाहेर काढून ठेवा, हाताला लागतील असे, बस. आणि चौकोनी नको, गोल पाहिजे.

‘बाई, पायऱ्या नसल्या त माणूस निघन कसा?’ नत्थुजी म्हणाला.

‘निघन. शिकन तसा निघाले.’

मी मध्ये पडलो — काही तरी बोललं पाहिजे म्हणून. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी संत्र्याच्या पेट्या मोजायला निघून गेलो. डोकं चालत नाही. हिला नवस आहे का? कोणी काही खायला घातलं का? की वयच असं असतं?

ता. २० डिसेंबर

संत्र्याची तोड चालू. टाक्याकडे बघायला सवड नाही. नत्थुजी आता मला काही विचारतच नाही.

ता. १५ जानेवारी १९३८

संक्रांतीचं निमित्त काढून जावई आले. भगवंतराव. बोलणं मऊ, डोळे घरभर फिरतात. मी टाकं दाखवलं — चुन्याचा गिलावा झाला आहे, ओला ठेवतो आहे अजून. ते वाकून पाहत राहिले. ‘मामाजी, याच्यासाठी आमची मंडळी ठेवून घेतली?’ मी हसलो. काय सांगणार? मलाच माहीत असतं तर सांगितलं असतं.

जेवताना म्हणाले, घरात हात कमी पडतात. थोरल्या वहिनी गेल्यापासून आईवर सगळा भार. ती सून आश्विनात गेली, हे मला आजच कळलं! पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई, विहिरीत पडून. ‘इहिरीवर पाय घसरला,’ भगवंतराव म्हणाले आणि तिळाची वडी तोंडात टाकली.

मैना पोळी वाढत होती. पोळी तिच्या हातातच राहिली. मी म्हटलं, वाढ ना. मग वाढली.

शकुन काही बाहेर आली नाही. डोकं दुखतं म्हणाली. नवरा इतक्या दुरून आला आणि हिचं डोकं! मला लाज वाटली. जावई एकटेच परत गेले. जाताना म्हणाले, ‘होळीपावतर पाठवा.’

रात्री जेवताना मैनेला म्हटलं, एवढी मोठी गोष्ट पोरीनं आपल्याला सांगितली नाही! मैना म्हणाली, ‘तुमाले नाई सांगितली.’

ता. ३ फेब्रुवारी

पाणी सोडलं! सकाळपासून मोट चालू होती. बैल दमले, मीही दमलो. संध्याकाळी टाक्यात आभाळ दिसलं. खरं सांगायचं तर मन भरून आलं. चांगलं बांधलं नत्थुजीनं.

किसनराव आला, त्याच्या घरची आली, रस्त्यानं जाणारे आले. कोणी नमस्कार करतो, कोणी चूळ भरतो.

ता. ५ फेब्रुवारी

किसनरावची म्हैस टाक्यात!

पायऱ्या नाहीत. म्हैस निघणार कशी? दोर, दांडे, सारा मळा गोळा झाला. म्हैस मजेत. किसनराव काठावरून तिची आयमाय काढत होता. फळ्यांची उतरण करून दुपारी काढली. मी मैनेला म्हटलं, ‘पायऱ्या पायजे होत्या का नाई?’

ती म्हणाली, ‘कुंपन पायजे होतं.’

ता. ७ फेब्रुवारी

बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. मैना म्हणाली, यातून गुरं अडतील, डोळे नाही. तुरीच्या काड्यांचे ताटवे आडोशाला लावले. म्हणाली, ठेंगणे आहेत. माणसानं किती ऐकावं?

ता. १३ फेब्रुवारी

धारणीकडून बांबू आणवले. उंच तट्टे विणून घेतले. आता टाकं बाहेरून दिसत नाही — बाळंतिणीच्या खाटेसारखं आडोशाला गेलं आहे.

मैनेला तरी भरवसा नाही! मला बैलगाडी जुंपायला लावली, वलगावच्या रस्त्यावर न्यायला लावली, आणि गाडीत उभं राहायला सांगितलं. आतून ओरडली, ‘दिसते का?’

‘नाई दिसत!’

‘टाचा उचला!’

उचलल्या. रस्त्यानं दोन बाया भाजीच्या पाट्या घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून पाहत होत्या. पन्नाशीला आलेला माणूस गाडीत टाचा उचलून उभा आहे आणि कुंपणाशी बोलतो आहे!

‘नाई दिसत, माय!’

‘मंग या खाली.’

ता. २१ फेब्रुवारी

दाराला कडी आतून आहे. बाहेरून नाही. म्हणजे माझ्या मळ्यात, माझ्या टाक्यावर मला जाता येत नाही!

दुपारी मायलेकी दोघी आत गेल्या. मी जवळच्या झाडाची आळी करायला बसलो. मुद्दाम नाही. बरं, मुद्दाम. आतून आवाज — ‘पाय मार. पाय! हात सोड भोपळ्याचा. सोड म्हनते ना!’ आणि पाण्याचा आवाज. मैना पाण्यात होती!

मैनेला पोहता येतं?

वीस वर्षांत मला माहीत नाही. माहेर पूर्णेच्या काठचं, येतही असेल. मी कधी विचारलं नाही. का विचारावं? कोण विचारतं बायकोला, तुला पोहता येतं का म्हणून?

ता. ७ मार्च

रोज दोन लुगडी दोरीवर वाळतात. नऊवारी, पाणी निथळत. म्हटलं, पोरीला एखादं जुनं आखूड काही घालू दे, एवढ्या लुगड्यात पोहायला जड जात नसेल? मैना म्हणाली, ‘जाते ना जड. म्हनूनच.’

हातात बांगड्या, पायात जोडवी, अंगावर लुगडं. असं कोण पोहतं?

ता. १८ मार्च

होळी झाली. शकुनला पाठवली नाही. आई माझ्याशी बोलत नाही.

ता. २९ मार्च

किसनराव अकोल्याच्या बाजारात गेला होता. व्याह्यांनी त्याच्याजवळ निरोप दिला — अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत सून आली नाही, तर पोराला दुसरी करू.

 मैनेला सांगितलं. वाटलं, आता तरी घाबरेल. ती कुंपणाच्या दाराला तेल घालत होती. ‘अखाजीले पाठवू,’ म्हणाली. ‘तवापावतर होते.’

काय होते?

पण एक गोष्ट लिहितो. आज शकुन जेवताना हसली. मांजरानं शेपूट ताकात बुडवलं, त्याला हसली. दिवाळीला आली तेव्हा बादली वाजली तरी दचकायची. अंगही भरलं आहे. खांदे रुंद झाले. मला काही समजत नाही, पण बरं वाटलं.

ता. २६ एप्रिल



सकाळी कुंपणाजवळून जात होतो. आत धप्प असा आवाज. उंचावरून पडल्यासारखा. मग काहीच नाही. शकुनचा आवाज नाही, पाण्याचा नाही. मी हाक मारली. दार धडाधड वाजवलं. तट्टा उपटायला लागलो, हात सोलला.

आतून मैना — ‘गप ऱ्हा थोडं!’

मग एक श्वास ऐकू आला. असा मोठा, फाटका. खोकला. मग दगडाला बांगड्या घासल्याचा आवाज. आणि शकुन म्हणाली, ‘निघाली, माय. मी निघाली.’

मैना दार उघडून बाहेर आली. ओली गच्च. तिनं पोरीला न सांगता मागून ढकललं होतं! मी तिला काय काय बोललो, ते लिहीत नाही. ती ऐकून घेत होती. माझ्या सोललेल्या हाताला हळद लावली. म्हणाली, ‘आता धाडा तिले.’

ता. ५ मे

अखाजी आटोपली. उद्या सकाळची बडनेऱ्याहून गाडी. भगवंतराव सायंकाळीच येऊन बसले आहेत. आई खूश, त्यांच्यासाठी पापड तळायला लावले.

मैना स्वतः शकुनची पेटी भरत होती. सहा महिने जी हलू देत नव्हती, तीच घड्या घालत होती! माझ्यानं राहवलं नाही. दार लोटून घेतलं. म्हटलं, आज सांगितल्याशिवाय तुला उठू देत नाही.

ती घडी घालतच बोलली.

‘तिची जाऊ घसरली नाई. तिनं उडी घेतली. शकुनच्या डोळ्यादेखत. त्याच्या आदल्या दिवशी जाऊ शकुनले म्हने, आज मायी पाळी, उद्या तुयी.’

मी दाराला कडी घातली.

‘आता शकुनले लोटली तरी निघते. अन् तिनं स्वतः घेतली तरी निघते. ज्याले पोहता येते ना, त्याले मराचं असलं तरी हात आयकत नाई. हात चालतेच.’

मी म्हटलं, ‘अवं, मले पयलेच सांगायचं! दिवाळीलेच!’

‘सांगितलं असतं त काय केलं असतं तुमी?’

मी तोंड उघडलं. तिनं वाट पाहिली. खरंच पाहिली, घडी हातात धरून. मी काय म्हणालो असतो, ते मला ऐकू आलं. नांदावं लागतं. सगळ्याच पोरी नांदतात. थोडं सोसावं लागतं.

तिनं पेटी लावली आणि पापड पाहायला गेली.

सगळं कळलं असं वाटतं, आणि काहीच कळलं नाही असंही. पोरीला पाठवू नये तर पंचाईत, दुसरी करतील, ही इथं बसून राहील, लोक बोलतील. पाठवावी तर — पोहता येतं तिला. मैना म्हणते तसं, निघेल. मैना एवढ्या खात्रीनं कसं म्हणते? हात ऐकत नाहीत, हे तिला कोणी सांगितलं?

ता. ६ मे

गाडी जुंपली होती. पेटी चढवली होती. मैनेला गोठ्याजवळ गाठून विचारलं, हात ऐकत नाहीत हे तुला कसं कळलं?

म्हणाली, ‘आपल्याच मळ्यातल्या इहिरीत. शकुन पोटात होती तवा.’

काहून, का म्हणून? — विचारलं.

म्हणाली, ‘तुमाले माईत नाई ना? तेच कारन.’

पेटी उतरवून घेतली. जावयाला एकट्यालाच बडनेऱ्याला पोचवून आलो.