पांढऱ्याच्या पुढचा रंग

आबा, काल दिवेलागणीनंतर गच्चीत उभी होते. दक्षिणेला चित्रेचा तारा वर आला होता, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे, तरी तुमची आठवण आली की मी भात्याशी बसलेली तेरा वर्षांची मुलगीच होते. करंज्याच्या किनाऱ्यावर आपली भट्टी, पुढ्यात ओढून ठेवलेले मचवे, आणि दिवसभर खिळ्यांची, होड्यांच्या नांगरांची कामं. ऐरणीपाशी आई घण घेऊन उभी, सांडशी तुमच्या हातात, भट्टीच्या तोंडाशी मी. गावाला वाटायचं, लोहाराची पोर नुसता भाता ओढते. खरं काम वेगळंच होतं. तुमच्या डोळ्यांवर पडदा चढला होता. माणूस, वाट, ऐरण एवढं अंधूक कळायचं, पण तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखू येत नव्हता. आग म्हणजे नुसता उजेडाचा गोळा. आणि रंग न दिसणाऱ्या लोहाराला नांगर जोडायला कोण देईल? वादळात अख्खी होडी नांगराच्या एका सांध्यावर तग धरते. म्हणून भात्याच्या आवाजाआड मी हळूच तुम्हाला रंग सांगायची. लाल. केशरी. पिवळा. पिवळ्यावर पांढरी झाक आली की ‘आता’ म्हणायचं, आणि तुम्ही त्याच क्षणी लोखंड बाहेर काढायचात. हे आपल्या तिघांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं.

वैशाखातला तो दिवस. शाळेतल्या मास्तरांनी मला ताऱ्यांवरचं एक पुस्तक वाचायला दिलं होतं, ते मांडीवर उघडं ठेवून मी भाता ओढतेय. भट्टीत एका तांडेलाचा, म्हणजे मचव्याच्या म्होरक्याचा, मोठा नांगर आहे. एक पान वाचता वाचता दुसरं उलटलं, आणि ‘आता’ म्हणायचं राहूनच गेलं. ठिणग्यांचा फवारा उडाला तेव्हा भानावर आले. लोखंड जळलं होतं. तुम्ही ते ऐरणीवर धरलंत, आईने एक घाव घातला आणि नांगराचा हात ढेपळासारखा फुटला. तुम्ही ओरडला नाहीत. सांडशी खाली ठेवून विचारलंत, “काय वाचत व्हतीस?”

“ताऱ्यांचं.”

“त्यात असं काय हाय, की हातातलं काम दिसंना?”

मी रडत रडत वाचून दाखवलं. ताऱ्याची उष्णता त्याच्या रंगावरून कळते. तांबडा तारा त्यातल्या त्यात थंड, पिवळा त्याहून गरम, पांढरा त्याहून, आणि फार तापलेला तो निळसर पांढरा. चित्रा तशी आहे. पांढऱ्यापर्यंत तुम्ही मान हलवत होतात, जणू तुमच्याच धंद्यातलं कुणी बोलतंय. निळ्यापाशी अडलात. “खोटं हाय. निळा रंग येतो तो कोयत्याला पाणी देताना. तो निवलेल्या लोखंडाचा रंग. पांढऱ्याच्या पुढं रंगच न्हाय. पांढऱ्याच्या पुढं लोखंडच ऱ्हात न्हाय.”

“भट्टीत नाही, आबा. तिथे आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला उलटून बोलले. आईने डोळे वटारले. तुम्ही जळलेला तुकडा बोटांनी चाचपत बसलात.

सांज झाल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, “चल, दाखव.” ओहोटी होती. मचव्यांच्या रांगेपलीकडे, जिथून आभाळ मोकळं दिसतं, तिथे आपण थांबलो. हस्त नक्षत्राचा पंजा तुम्हाला ठाऊक होता. “त्याच्या शेजारची ना? डोळे व्हते तवा बघितलीय. आता तू बघ. लोखंडाचा सांगतीस तसा रंग सांग.” मी बघत राहिले. “पांढरा,” म्हणाले. मग थांबून म्हणाले, “पांढऱ्याच्या पुढचा. निळसर.”

तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत. देवापुढे सोडलं तर तुम्हाला टोपी काढताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग पुटपुटलात, “केवढा भाता असंल!”

मग मला धीर आला आणि उरलेलं सांगून टाकलं, की चित्रा एक नाहीच, त्या दोघी आहेत. तुम्ही विचारलंत, दोन दिसतात का? म्हटलं, नाही, मोठ्या दुर्बिणीतूनही एकच ठिपका. “मंग दोन हायत हे कुनी सांगितलं?” मास्तरांनी समजावलं होतं तसं मी सांगितलं. ताऱ्याचा उजेड लोलकातून पसरला की रंगांच्या पट्ट्यावर बारीक काळ्या रेघा दिसतात. चित्रेच्या त्या रेघा दुभंगतात, पुन्हा एक होतात, पुन्हा दुभंगतात, कारण एक तारा आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा लांब जात असतो. चार दिवसांत त्यांची फेरी पुरी होते. आणि इतक्या जवळून फिरतात, की एकमेकींच्या ओढीने त्या गोल राहिल्याच नाहीत, अंड्यासारख्या लांबट झाल्यात. वाटलं, आता तुम्ही हसाल. तुम्ही लगेच म्हणालात, “लांबनारच. तापलेलं मऊ असतं, वढलं की लांबतं.” हे मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी तेच वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल नांगर न्यायला आला. तुम्ही त्याला बसवलंत आणि सरळ सांगितलंत, “नांगर जळला. चार वरसं झाली, मला रंग दिसत न्हाय.”

“मंग आमचे नांगर कोन बघून जोडत व्हता?”

तुम्ही माझ्याकडे हात केलात. “ही. पन आता हिचे डोळे मला भट्टीत जाळायचे न्हायत. पावसाळ्यापासून पनवेलला मावशीकडं ऱ्हाऊन हायस्कूलला जाईल.”

आईच्या हातातला घण खाली आला. मला शाळेला धाडायचं ठरवलंत, हे तिला आणि मला, दोघींनाही त्याच क्षणी कळलं. तांडेल माझ्याकडे बघत राहिला. “हिच्या भरवशावर दर्यात गेलो व्हय!” एवढंच बोलला, पण जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. त्यानंतर आपल्याकडे नांगर आला नाही. आई भाता ओढू लागली आणि तुम्ही कोयते, विळे आवाजावरून नि हाताच्या अंदाजाने घडवत राहिलात. सुट्टीत आले की घर कसंबसं चाललंय हे दिसायचं. तुम्ही विचारायचात ते मात्र एकच, “चित्रेचं आनि काय शिकलीस?”

मी कॉलेजात असतानाच तुम्ही गेलात, त्यामुळे पुढचं कुणाला सांगितलंच नाही. आबा, आपलं लोखंड वितळतं त्याच्या दसपटीहून जास्त तापलेली आहे ती. तिथे लोखंड पातळ होऊनही टिकणार नाही, त्याची वाफच होईल. थोरली दहा सूर्यांइतकी जड, धाकटी सातेक सूर्यांची, आणि दोघींमधलं अंतर सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या अंतराच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढं. मी काल पाहिला तो उजेड अडीचशे वर्षांपूर्वी निघालेला. तिचा बराचसा प्रकाश तर जांभळ्याच्याही पलीकडचा, तो चांगल्या डोळ्यांनासुद्धा दिसत नाही. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, हे आकडे फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, पण दर वेळी हात क्षणभर थांबायचा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक कबुलीही लिहिते. त्या संध्याकाळी खाडीवर धुरकट होतं. मला चित्रा पांढरी दिसली होती, नुसती पांढरी. पहिला शब्द माझ्या डोळ्यांचा होता, दुसरा पुस्तकातला. चार वर्षांत न पाहता तुम्हाला सांगितलेला तेवढा एकच रंग, आणि तुम्ही टोपी काढलीत ती त्याच्यासाठी. काल आभाळ स्वच्छ होतं. निळी झाक वाटली. पण ती खरंच दिसते, की ठाऊक आहे म्हणून दिसते, हे मला अजूनही सांगता येत नाही.