फोटोंची डावी बाजू

आदरणीय दादास,

धाकट्याचा नमस्कार. वहिनींनाही सांग (त्या स्वीकारतील असं धरून चालतो). तुझ्या गुडघ्याचं दुखणं कानावर आलं, पण ते तिऱ्हाइताकडून, त्यामुळे रीतसर चौकशी करता येत नाही. आमच्याकडे सगळे बरे. आईची नजर अधू झालीय आणि हल्ली ती थोडं विसरते. परवा तिने बाबांच्या संगणकातले जुने फोटो मागितले. अकरा वर्षांनी पत्र लिहायचं तर निमित्त भक्कम हवं, म्हणून हे कळवतोय.

तो संगणक तुला आठवत असेल, मागे पोट सुटलेला, ज्याला बाबा पुसल्याशिवाय चालू करत नसत. तो माळ्यावर गाद्यांखाली होता. उतरवताना माझी पाठ धरली (अजून सोडलेली नाही). चालू केल्यावर त्याने पिठाच्या गिरणीसारखा आवाज काढला, बाबा हयात असतानाची तारीख दाखवली आणि पासवर्ड मागितला. तो मीच कधीतरी घातलेला, आणि आता आठवेना. आईचं नाव घातलं, बायकोचं घातलं, माझंही घालून पाहिलं. शेवटी तुझ्यावर रागावलो असताना जो शब्द तोंडात येईल तो घातला (इथे लिहीत नाही), आणि संगणक लगेच उघडला. पुढच्याच मिनिटाला पडदा काळा झाला.

मग तो चौकातल्या दुरुस्तीवाल्यांकडे नेला. त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात, कारण ते आधी यंत्राला कान लावतात आणि मग नातेवाइकांना बाहेर बसायला सांगतात. मी तीन तास स्टुलावर बसून होतो. खरं सांगायचं तर ‘वाचला नाही’ हे ऐकायची माझी पूर्ण तयारी होती. पण ते बाहेर येऊन म्हणाले, सहाशे बाराच्या सहाशे बारा फोटो सुखरूप आहेत. त्यावर माझा चेहरा का पडला ते त्यांना कळेना.

आता वाईट बातमी. जुन्या यंत्रांत फोटोंना एक विकार जडतो, त्यात डावी बाजू झडते. आपल्या फोटोंना तो जडलाय. योगायोग असा की तू बहुतेक फोटोंत डावीकडेच उभा असायचास. (जिथे मधोमध होतास, तिथे फोटोचे दोन तुकडे झालेत. विकार फार चिवट आहे.) तुझ्या लग्नातल्या फोटोत वहिनी एकट्याच हार घालून हसताहेत. तेव्हा तुझ्याकडे प्रती असल्या तर पाठव, एवढंच मागणं. लोभाचा आग्रह धरत नाही. आमचा पत्ता मात्र तोच आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. डॉक्टर म्हणतात असा कुठलाही विकार नसतो, यंत्र माणसं निवडून खात नाही. तेव्हा कबूल करतो, फोटो मीच कापले. आईला मी अडगळीसारखं मागच्या खोलीत टाकलंय, असं तू चारचौघांत म्हणालास, त्यानंतर आठवडाभर रोज दुपारी हेच काम केलं. मूळ प्रती ठेवाव्यात एवढंही सुचलं नाही. आणि दादा, तू खोटं बोलला नव्हतास. मला त्याचाच जास्त राग आला होता. आता आई पुढच्या खोलीत असते.

आणखी ता. क. आईने सगळे फोटो भिंग लावून पाहिले आणि विचारलं, थोरला कुठे दिसत नाही? मी म्हणालो, फोटो तोच काढत होता. ती म्हणाली, तरीच सगळे वाकडे आलेत. मला वाटलं, विषय मिटला. पण आज सकाळी ती केस विंचरून पुढच्या खोलीत बसली, शेजारी एक खुर्ची ठेवायला लावली आणि मला तिथे बसू देईना. म्हणाली, “त्याला म्हणावं, पुरे झालं फोटो काढणं. आता इथे येऊन बस. धाकटा काढेल.”