बोललेला आकडा

दिघाशी,
२४ जून २०२५

दादास तुळजाचा नमस्कार.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा तसाच, ओट्याखाली उतरत नाही. वहिनीला आणि भावेशला आठवण सांग. पाऊस चांगला लागून आहे. शेजारच्या नवशाकाकांचं भाताचं रोप वीतभर झालंय, पंधरा दिवसांत त्यांची लावणी सुरू होईल.

फोनवर तू नुसतं 'बोल' म्हणालास तरी माझं अवसान गळतं, म्हणून हे लिहून विपुलकडे देतेय. तो रोज गावातून तुमच्या कशेळीला ड्युटीला येतोच. रविवारी नवशाकाका तुझ्याकडे यायचे आहेत. त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

दादा, आपल्या शेतात रोप नाही. यंदा मी रोपासाठी पाला-शेण पसरून राबच भाजला नाही.

मार्चमध्ये कॉलेजची एक मुलगी आली होती, मृणाली नावाची. शाळेत सगळ्यांना बसवून तिने मोबाईलवर दाखवलं. राब नको, नांगरट नको, चिखलणी नको, गादीवाफ्यावर यंत्राने भोकं पाडून थेट बी टोकायचं. पाणी, डिझेल, शेण सगळं वाचतं. मग एकेकाला विचारलं, यासाठी खिशातून एकरी किती द्याल? काकांनी दारातच सगळ्यांना पढवलं होतं, शून्य सांगा, म्हणजे फुकट मिळेल. सगळे शून्य म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी दोन हजार म्हणाले. ती लिहून घेत होती आणि सगळे हसत होते.

मी फुशारकी नाही मारली. दरवर्षी पाल्याचे आणि शेणाचे भारे डोक्यावर वाहून माझी मान जायबंदी झालीय. मला ते खरंच हवं होतं.

आणि तुला माहीत आहे, आपल्याकडे ट्रॅक्टरची पाळी अशीच लागते. चारचौघांत आकडा बोलला की काम ठरलं, विसार लागत नाही. मला वाटलं, यंत्र येणार. मेमध्ये सगळ्यांचे राब धुमसत होते आणि मी पैसे डब्यात ठेवून वाट बघत होते. जून लागला, राबाची वेळ गेली, तरी यंत्र आलं नाही. मग तिने दिलेल्या कागदावरच्या नंबरला फोन केला.

ती म्हणाली, "ताई, आम्ही फक्त विचारलं होतं. द्याल का, एवढंच. यंत्र आमच्याकडे नाहीच."

तिचा काही दोष नाही. मी फोन ठेवला आणि बांधावरच बसून राहिले.

गेल्या दिवाळीत तू म्हणालास, एक वर्ष जरी शेत ओसाड पडलं तरी गोडाऊनवाल्याला देऊन टाकू. मी हो म्हटलं होतं. रोप मागायला कुणाच्या दारात गेले असते, तर तासाभरात तुला कळलं असतं.

मग मी खुंटी घेतली. मोबाईलवर पाहिलं होतं तसं, न नांगरता भोकं पाडली आणि एकेका भोकात तीन-चार दाणे टाकले. चार दिवस एकटीच करत होते. वरचा तुकडा पुरा झाला, खालचा अर्धा. आज आठवा दिवस. हिरवं दिसतंय, पण त्यातलं भात किती आणि गवत किती, मला कळत नाही. जन्म शेतात गेला आणि कळत नाही, याचीच जास्त भीती वाटते.

आई रोपाचं रोज विचारते, "आवण केवढा झाला गो?"

मी रोज सांगते, वीतभर. तिच्याशी इतकं खोटं कधी बोलले नव्हते.

तू चिडशील, ते मला मान्य आहे. फक्त दसऱ्यापर्यंत गोडाऊनवाल्याच्या कागदावर सही करू नकोस. जमलं तर रविवारी काकांबरोबर परत ये आणि गवत काढायला माझ्याबरोबर वाक. नाही आलास तरी मी एकटी काढीन. पीक आलं नाही, तर तुला इथवर यायला लावणार नाही. कशेळीला येऊन माझ्या हिश्श्याची सही मीच आधी करीन, आणि आईला मीच सांगेन. हा शब्द म्हणजेच माझा आकडा, आणि या वेळी तो मी पुरता समजून बोलतेय.

तुझ्या उत्तराला घाबरणारी, तरी विपुलला रोज विचारणारी,
तुळजा